सहीसकट चित्रे

प्राग शहराच्या उत्तरेस साठ किलोमीटरवर टेरेझीन नावाचे जुने लष्करी ठाणे आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेथे ज्यू कुटुंबे कोंडली. त्या कोंडवाड्यात मुलांनी काढलेली सुमारे ४,५०० चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा डोळे पुसतच लिहिलेले असते. अश्रू खोटे असतात असे नाही. पण ओल्या डोळ्यांना रेघ नीट दिसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि रेघ तर पाहावी अशीच आहे! ही मुले शिकली फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांच्या हाताखाली. बाई व्हिएन्नाच्या, बाउहाउसमध्ये तयार झालेल्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना टेरेझीनला नेले, तेव्हा मोजक्या सामानात त्यांनी चित्रकलेचे साहित्य भरून घेतले होते. ते पुरणार किती? मग कचेरीतले वापरलेले कागद आले. त्यांचे तुकडे चिकटवून मुलांनी देखावे केले. छापील रकाने मधूनच डोकावतात आणि शोभूनही दिसतात. आधी ताल धरून रेघा ओढायच्या, हात सैल करायचा, मग थोरामोठ्यांच्या चित्रांवरून अभ्यास, मग मनातले. (आमच्याकडे अजूनही कित्येक वर्गांत फळ्यावर घागर काढून देतात, आणि चाळीस घागरी सारख्या उतरल्या की मास्तर खूष!) कोणी फुले काढली, कोणी घरचे जेवणाचे टेबल, कोणी कोंडवाड्यातले मजल्यांचे बिछाने. दुःख काढा, असे बाईंनी सांगितले नाही. चित्रावर आपले नाव मात्र घालायला लावले. माणसाला जेथे नंबर चिकटवला होता, तेथे ही सही लहान गोष्ट नव्हे.

चित्रांनी जीव वाचले नाहीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंना आउशवित्झला नेऊन मारले. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचेही तेच झाले. मागे राहिल्या चित्रांनी भरलेल्या दोन बॅगा.

मग या शिकवण्याचा उपयोग काय? उत्तर मला न्यूयॉर्ककडे सापडले. बाईंची शिष्या एडिथ क्रेमर १९३८ मध्ये तिकडे गेली आणि १९५०नंतर विल्टविकच्या शाळेत वाया गेलेली ठरवलेल्या मुलांना चित्रे काढायला शिकवू लागली. त्यांत बहुतेक कृष्णवर्णी. वंश वेगळा, भाषा वेगळी, धडा तोच. त्या अनुभवावरचे तिचे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. त्यात फ्रॉइडची परिभाषा फार आडवी येते. परंतु चित्राचा अर्थ लावून मूल बरे होत नाही, ते मन लावून पुरे करण्यातच उपचार आहे, हे तिचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. अर्धवट चित्र मूल पाटीखाली लपवते. पुरे झालेले घेऊन सगळ्या वर्गात फिरते.

शिक्षकांनी फ्रॉइडची पाने खुशाल उलटावीत, पण पुस्तक वाचावे. टेरेझीनची चित्रे त्यानंतर पुन्हा पाहावीत, खालच्या सह्यांसकट.