ऑपरेशन थिएटरमध्ये हसू नाही

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं आम्ही, आणि बोलणार कशावर, तर टीव्हीवरच्या विनोदी मालिकांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर! पण या गमतीजमती आपण फार स्वस्तात विकून टाकतो, असं आमचं मत आहे. 'तुम्हाला माहीत आहे का?' म्हणून एक किस्सा सांगायचा, समोरच्यानं 'अरे वा!' म्हणायचं, की संपलं. एखाद्या किश्श्यामुळे ती मालिकाच पुन्हा नीट बघावी लागते, हे राहूनच जातं. आज आपण असा एकच किस्सा घेऊ. फार तर दोन.

'मॅश' ही अमेरिकन मालिका. सीबीएसवर १९७२ ते १९८३ अशी चालली. कोरियाचं युद्ध, आघाडीजवळ तंबूंमध्ये थाटलेलं लष्करी रुग्णालय, आणि तिथे सक्तीनं आणलेले सर्जन. युद्ध तीन वर्षं चाललं आणि मालिका अकरा, हा नेहमीचा किस्सा झाला. तो सोडून देऊ. आपला किस्सा हसण्याचा आहे. या मालिकेत कुणी विनोद केला की मागून प्रेक्षक हसल्याचा आवाज येतो. मात्र ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत तो येत नाही.

मुळात प्रेक्षक होते कुठे? नव्हतेच.

इथे जरा मागे जायला हवं. १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली, तेव्हा स्टुडिओत खरोखर सुमारे ३०० माणसं बसवलेली असत. तीन कॅमेरे एकाच वेळी फिल्मवर चित्रण करत. छायाचित्रणाची धुरा होती कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे. 'मेट्रोपोलिस' आणि 'ड्रॅक्युला'चे छायाचित्रकार, बरं का! अंधाराचा उस्ताद माणूस, आणि त्यानं उजेड पाडला विनोदी मालिकेवर. त्या हशात नायिका ल्युसिल बॉल हिच्या आईचाही आवाज आहे. लेक काहीतरी घोळ घालणार हे दिसलं, की त्या प्रेक्षागृहातून चुकचुकल्यासारखा उद्गार काढत, आणि तो ध्वनिमुद्रित होई. म्हणजे त्या हसण्याला कुणीतरी मालक होता.

त्याच सुमारास चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं एक पेटी बनवली. टेपच्या कड्यांवर माणसांचं हसणं साठवलेलं, पुढे टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली पायानं दाबायचा पेडल. खुदकन हसणं हवं, ही कळ. पोट धरून हसणं हवं, ती. डग्लस ही पेटी कुलूप लावून ठेवी आणि तिच्यात काय आहे ते सहसा कुणाला पाहू देत नसे. एक माणूस बंद खोलीत बसून अख्ख्या देशानं कुठे आणि किती हसायचं ते वाजवतो आहे, असं हे चित्र. हार्मोनियम वाजवावी तसं.

तर 'मॅश' स्टुडिओतल्या सेटवर आणि कॅलिफोर्नियातल्या डोंगरात, एका कॅमेऱ्यानं, सिनेमासारखी चित्रित होई. हसायला तिथे कुणी नव्हतं. लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनॉल्ड्स या कर्त्यांना ते कृत्रिम हसणं नकोच होतं. वाहिनीचा हट्ट असा, की विनोदी मालिका आहे तर हसू हवंच. शेवटी तडजोड झाली. बाकी ठिकाणी हसू घाला, पण सर्जन काम करत असताना नाही.

लोक हा किस्सा सभ्यतेचा नमुना म्हणून सांगतात. आमच्या मते त्यात एक कबुली लपलेली आहे. जखमी पोराच्या उघड्या पोटापाशी ते हसू अश्लील वाटतं, हे वाहिनीलाही समजलं. मग जेवणाच्या तंबूत, त्याच पोरांच्या मरणावर केलेल्या विनोदाला ते कसं चालतं?

कारण गंमत अशी आहे, की ऑपरेशन थिएटरमध्ये विनोद थांबत नाहीत. अ‍ॅलन अल्डाचा हॉकआय तिथे तर अधिकच बडबडतो. हात रक्तात आणि तोंडात कोटी. फक्त त्या कोटीला दाद मिळत नाही. तंबूत हसू मिळालेला विनोद आपल्यासाठी केलेला असतो, आपल्याला खूष करायला. इथे मात्र तो माणूस स्वतःला उभं ठेवण्यासाठी बोलतो आहे, हे ऐकू येतं. तसाच विनोद, तोच नट, आणि अर्थ पार उलटा. हे आपल्याला लेखणीनं दाखवलं नाही, पेटीच्या गप्प राहण्यानं दाखवलं.

आन्री बर्गसाँनं १९०० साली हसण्यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या आहेत. एक म्हणजे हसण्याला सोबत लागते, प्रतिध्वनी लागतो. हे आपल्याला नाटकामुळे ठाऊक आहे. भरलेल्या थिएटरात ज्या वाक्यावर आपण खुर्चीतून पडतो, तेच घरी वाचताना नुसतं स्मित येतं. डग्लसची पेटी म्हणजे एकट्या माणसाला भाड्यानं दिलेली सोबत. दुसरी गोष्ट अशी, की हसताना सहानुभूती तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते. त्यासाठी बर्गसाँ उपमा देतो ती चक्क हृदयाला भूल देण्याची! आता ऑपरेशन थिएटरमध्ये भूल कुणाला द्यायची? टेबलावरच्या पोराला. 'मॅश'च्या त्या प्रसंगांत त्याला भूल दिलेली असते, आणि आपल्याला द्यायची नाही असं ठरलेलं असतं.

आता दुसरा किस्सा, कारण तो पहिल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या हंगामाचा शेवटचा भाग, १८ मार्च १९७५. मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडून चालला होता, म्हणून त्याची भूमिका, म्हणजे लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक, सैन्यातून मोकळी होऊन घरी निघते. बहुतेक नटांना संहितेचं शेवटचं पान दिलेलंच नव्हतं. बाकी चित्रण उरकल्यावर गेल्बार्टनं ते दिलं. त्यात रडार नावाचा कारकून पोऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन सांगतो, की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं आणि कुणी वाचलं नाही.

'बघा, नट खरंच हादरले होते!' असं हा किस्सा सांगणारे म्हणतात. हे आम्हांला पटत नाही. पान त्यांनी चित्रणाआधी वाचलं होतं. शिवाय पहिला टेक तांत्रिक कारणानं वाया गेला, आपण पाहतो तो दुसरा. तोवर बातमी शिळी झालेली. दिदरोनं अठराव्या शतकातच म्हटलं आहे, की मोठा नट स्वतःच्या भावनेवर विसंबून राहत नाही. त्यातून सर्जनांच्या तोंडावर मास्क, दिसतात ते फक्त डोळे. मग तो प्रसंग इतका लागतो कुठून?

रडार मास्क न लावता आत येतो. त्यावरून त्याला कुणी टोकतं, लगेच कुणी एक कोटी करतं. त्या कोटीवर हसू येत नाही. तीन हंगाम आपल्या कानांना सवय झालेली असते, की या खोलीत काय वाटून घ्यायचं ते आपलं आपण ठरवायचं. त्यामुळे कदाचित आपण घरी एकटेच थोडे हसतो, आणि त्याच श्वासात बातमी येते. मग नुसती शांतता. कामं थांबत नाहीत. कुठेतरी एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो. तो संहितेत नव्हता. दुसऱ्या टेकला कुणाच्या हातून खरंच पडलं, आणि ते तसंच ठेवलं. पडद्यामागचा हा अपघात आम्हांला नटांच्या धक्क्यापेक्षा मोलाचा वाटतो. पेटी बंद असल्यामुळेच तर तो ऐकू आला!

त्यानंतर प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली. विनोदी मालिकेत असं करतात का, म्हणून.

इंग्लंडात बीबीसीनं 'मॅश' दाखवली ती मुळातच हसण्याच्या आवाजाशिवाय. तिथल्या लोकांना तंबू आणि ऑपरेशन थिएटर यांतला हा फरक ऐकायला मिळालाच नाही. ती मालिका अधिक शुद्ध होती, हे खरं. पण ती वेगळी होती, आणि आमच्या मते थोडी सपाटही. हे मत गेल्बार्टना मुळीच आवडलं नसतं.

पुढे डीव्हीडी निघाल्या, त्यांत हसू बंद करून बघायची सोय आहे. कुणाकडे असतील तर एकच भाग दोनदा बघा, एकदा हसू चालू ठेवून आणि एकदा बंद करून. पण जेवणाच्या तंबूतला प्रसंग निवडा. ऑपरेशनचा दोन्ही वेळा सारखाच ऐकू येईल.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.