ओळख आणि जिव्हाळा

मोटारच्या अपघातांत हातपाय मोडला, तर पुढें काय करावयाचें तें घरच्यांस ठाऊक असतें. डोक्यास मार बसून माणूस वांचला म्हणजे मात्र वांचल्याचा आनंद ओसरतो आणि परत आलेला माणूस तोच आहे कीं काय, हा प्रश्न उरतो. हीं अपघातानंतरचीं वर्षें कथालेखक सहसा टाळतात. अमेरिकन कादंबरीकार रिचर्ड पॉवर्स यांनीं 'दि एको मेकर' (२००६) या कादंबरींत तीं टाळलेलीं नाहींत, याबद्दल प्रथम त्यांचें अभिनंदन केलें पाहिजे. या ग्रंथास त्याच वर्षीं तेथील नॅशनल बुक अवॉर्ड मिळालें.

नेब्रास्का संस्थानांतील कार्नी गांवाजवळ २००२ च्या फेब्रुवारींत एका रात्रीं मार्क श्लूटर या २७ वर्षांच्या तरुणाचा ट्रक उलटतो. बहीण कॅरिन नोकरी सोडून त्याच्या उशाशीं येऊन बसते. तो शुद्धीवर येतो, पुन्हां बोलूं लागतो. आणि सांगतो कीं, ही माझी बहीण नव्हे, तिच्यासारखी दिसणारी कोणी परकी बाई आहे! या विकारास काप्ग्रा या फ्रेंच वैद्याचें नांव आहे; त्यानें तो १९२३ सालीं एका सहकाऱ्यासह वर्णिला. चेहरा ओळखतां येतो, परंतु ओळखीबरोबर उमटणारा जिव्हाळा उमटत नाहीं. त्या उणिवेचा उलगडा मन 'ही तोतया आहे' असा करतें, अशी मेंदुतज्ज्ञांची उपपत्ति आहे.

तोतया म्हटलें कीं आपणांस सदाशिवरावभाऊंचा तोतया आणि केळकरांचें नाटक आठवतें. तेथें खोट्यास कित्येकांनीं खरें मानलें. येथें खरी बहीणच खोटी ठरली आहे, आणि निवाडा करणारा दरबार कोठेंच नाहीं. बाळपणच्या आठवणी सांगाव्या तर ती पढविलेली ठरते. तरीहि ती सेवा सोडीत नाहीं. हा भाग पॉवर्स यांनीं फार संयमानें लिहिला आहे. मार्कची त्यांनीं कोठेंहि थट्टा केलेली नाहीं, कीं कींवहि केलेली नाहीं.

पुढें वेबर हे नामांकित मेंदुतज्ज्ञ कथेंत येतात आणि तोल ढळतो. प्रत्येकाचा 'मी' ही मेंदूनें रचलेली गोष्टच होय, हें तत्त्व हळूहळू पुढें येतें. तत्त्व विचारार्ह आहे. पण 'सगळेच थोडेफार असे' म्हटल्यानें वाचकाचें समाधान होतें, कॅरिनचें नव्हे. मार्क मग रोगी न राहतां दृष्टांत होऊं लागतो.

त्याच वर्षीं निघालेलें अ‍ॅबिगेल टॉमस यांचें 'ए थ्री डॉग लाइफ' हें आत्मकथन याच्या शेजारीं ठेवून पाहावें. २००० सालीं न्यूयॉर्कमध्यें कुत्र्यामागें धांवतांना त्यांच्या पतीस मोटारीची धडक बसली. मेंदूस इजा होऊन त्यांची स्मृति गेली आणि त्यांस शुश्रूषागृहांत ठेवावें लागलें. येथें तत्त्वचर्चा नाहीं. भेटी, तुटकीं संभाषणें, पाळलेलीं कुत्रीं, आणि आपणांस आपलें नवें आयुष्य आवडूं लागलें आहे ही अपराधी कबुली, एवढेंच आहे. ही कबुली पॉवर्स यांच्या साऱ्या विद्वत्तेस साधलेली नाहीं.

ज्यांच्या घरीं असा रोगी आहे, त्यांनीं टॉमस आधीं वाचाव्या. पॉवर्स यांचीं कॅरिनचीं प्रकरणें मात्र सर्वांनींच वाचावीं. ओळख न देणाऱ्या माणसाच्या उशाशीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाऊन बसणें किती कठीण असतें, तें त्यांतून कळतें.