रिप्लीची दोन चित्ररूपे : शेवट आणि शिक्षा

पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५५ च्या कादंबरीतील खुनी टॉम रिप्ली अखेरपर्यंत सापडत नाही. रेने क्लेमां यांच्या 'प्लँ सोलेय' (१९६०) या फ्रेंच चित्रपटात मात्र विक्रीसाठी किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेमागे, दोरात गुंतलेले प्रेत वर येते. हायस्मिथ यांना हा शेवट लोकनीतीपुढील शरणागती वाटला. अँथनी मिंगेला यांचे १९९९ चे रूपांतर पाहून क्लेमांकडे परतल्यास हा आक्षेप तितका टिकत नाही. मिंगेला यांचा रिप्ली कायद्यातून सुटतो खरा. परंतु पहिला खून भांडणाच्या भरात घडवून आणि त्याला प्रेमाचा भुकेला, अपराधभावाने पिचलेला दाखवून दिग्दर्शक त्याच्यासाठी सहानुभूती मागतो. मॅट डेमनच्या संयत अभिनयामुळे ती मिळतेही. आलाँ देलाँचा रिप्ली खुनाचा बेत प्रत्यक्ष बळीलाच सांगतो, भर उन्हात सुरा चालवतो आणि पुढे भिंतीवर मोठी करून पाडलेली मृताची सही विद्यार्थ्याच्या चिकाटीने गिरवतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे क्लेमां कोठेही सांगत नाहीत. अटकही पडद्यावर येत नाही. दूरध्वनी आल्याचे सांगून त्याला बोलावले जाते, आणि तो निःशंकपणे, हसत निघतो.