चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या अभ्यासातील अंकीय माध्यमे

चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या अभ्यासातील अंकीय माध्यमे : चित्र व ध्वनी यांचे अंकांत रूपांतर करून ते साठविणारी, पुन्हा दाखविणारी व संगणकाद्वारे तपासू देणारी साधने. या साधनांमुळे दृक्‌श्राव्य कृती ग्रंथाप्रमाणे उलटसुलट वाचता येऊ लागली. मात्र हाती असलेली प्रत म्हणजे मूळ कृतीच, हा समजही त्यांच्यामुळेच बळावला.

पूर्वी समीक्षकाला चित्रपटगृहातील एकदोन दर्शनांवर व स्मरणावर विसंबावे लागे. बॅरी सॉल्ट यांनी १९७० नंतरच्या दशकात शॉटची सरासरी लांबी काढून दिग्दर्शकांच्या शैलींची तुलना केली. ते काम अतिशय कष्टाचे होते. युरी त्सिव्हियान यांच्या ‘सिनेमेट्रिक्स’ या २००५ मधील उपक्रमाने अशी मोजमापे संगणकावर नोंदविण्याची सोय केली. हवे तेथे चित्र थांबविता येऊ लागल्याने प्रेक्षकाचे पाहणेच कसे बदलते, याचे विवेचन लॉरा मल्व्ही यांनी २००६ मध्ये केले.

तथापि ही मोजमापे प्रतीच्या शुद्धतेवर अवलंबून असतात. सेकंदाला २४ चौकटींचा बोलपट यूरोपीय दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींच्या वेगाने उतरविला, की १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. शॉटची सरासरी लांबीही ४ टक्क्यांनी घटते. मूकपटांच्या बाबतीत हा फरक फारच वाढतो : १६ चौकटींच्या वेगाचा १५ मिनिटांचा भाग २४ चौकटींनी दाखविल्यास १० मिनिटांत उरकतो. या घाईला आद्य चित्रपटांची शैली समजणे, ही चूक वरवरच्या लेखनात वारंवार आढळते.

दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच उरल्याचे सांगितले जाते. पण उपलब्ध भाग १९१३ चा की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा वादात फिल्मच्या कडेवरील खुणा, सांधे व झीज हा महत्त्वाचा पुरावा असतो. पडद्यापुरत्या स्वच्छ केलेल्या अंकीय प्रतीत नेमका तोच बहुधा गळतो.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हानी वेगळ्या प्रकारची आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये कार्यक्रम, जाहिराती व निवेदने यांचा अखंड ‘प्रवाह’ हे या माध्यमाचे लक्षण मानले. अंकीय संग्रहात मालिकेचा भाग सुटा मिळतो. त्याच्या आगेमागे काय होते, हे कळत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील एखादे जुने नाटक आज सुटे पाहणाऱ्यास त्या संध्याकाळच्या प्रक्षेपणाचा अनुभव येत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना (१९१९–६६) हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवून पाठ निश्चित केला. चित्रपट-समीक्षेलाही या शिस्तीची गरज आहे. कोणती प्रत पाहिली, ती कशावरून उतरविली, तिचा वेग व चौकटीचे प्रमाण काय, हे सांगितल्याविना काढलेले शैलीविषयक निष्कर्ष ग्राह्य मानता येत नाहीत. अंकीय माध्यमांनी वाचन सुलभ केले. पाठचिकित्सेची जबाबदारी मात्र कमी न होता वाढलीच आहे.