व्हेंटिलेटर लागणारा साप : आरोग्य योजनेच्या उपचारयादीचे एक वाचन

साहित्याला वाहिलेल्या अंकात सरकारी यादीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. ज्या मजकुरावरून एखाद्याचे ऑपरेशन सरकारी खर्चाने होणार की नाही हे ठरते, तो मजकूर निदान एखाद्या कथेइतका तरी बारकाईने वाचला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे. मी डॉक्टर नाही, विमा क्षेत्रातलाही नाही. पेठसारख्या तालुक्यात राहून मिळतील ते शासन निर्णय, याद्या आणि मार्गदर्शिका वाचत आलो, त्या वाचनाचा हा गोषवारा.

आधी थोडा इतिहास. आंध्र प्रदेशात २००७ साली आरोग्यश्री योजना सुरू झाली. तिच्या धर्तीवर महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि उपचारांची संख्या ९७२ अशी तिची मांडणी होती. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही जोडल्या गेल्या. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली, यादी १३५६ उपचारांची झाली आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातली सारी कुटुंबे योजनेत आली. या वाटचालीत नावे बदलली, आकडे वाढले. यादी ही चीज मात्र कायम राहिली. प्रत्येक उपचाराला एक नाव, एक ठरीव दर आणि सोबत जोडायच्या कागदांची एक जंत्री, असा हा साहित्यप्रकार आहे.

आता एक ओळ वाचू. आरोग्यश्रीच्या आणि तिच्यावरून आलेल्या सुरुवातीच्या यादीत सर्पदंश आहे, पण नुसता सर्पदंश नाही. व्हेंटिलेटरची गरज असलेला सर्पदंश आहे. विंचूदंशही आहे. तोही हृदयावर परिणाम होऊन व्हेंटिलेटर लागेल असा. व्याकरणाने पाहिले तर येथे आजार हे नाम आहे आणि यंत्र हे त्याचे विशेषण. पैसा विशेषणाला मिळतो. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मोठ्या खर्चाने कुटुंब कर्जबाजारी होते, ते थांबवणे हे योजनेचे उद्दिष्ट होते आणि मोठा खर्च मोठ्या रुग्णालयातच होतो. तरीही या ओळीचा आमच्या भागात काय अर्थ होतो, ते पाहिले पाहिजे.

पेठ नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, मध्ये सावळ घाट. आवणीच्या दिवसांत माणसे दिवसभर भाताच्या खाचरात वाकलेली असतात आणि रात्री जमिनीवर निजतात. मण्यार चावते ती बहुधा रात्री, झोपेत. तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि मग व्हेंटिलेटर लागतो. घोणसचे विष वेगळे. ते रक्त गोठू देत नाही, मूत्रपिंडे निकामी करते. म्हणजे त्या ओळीत मण्यारीला जागा आहे, तीही उशीर झाल्यावर. घोणस ओळीच्या बाहेर राहते. आणि वेळेवर प्रतिविष मिळून जो मण्यारीच्या दंशातूनही यंत्राविना वाचला, तो या यादीच्या हिशेबात कधी आजारीच पडला नाही. पुढे याद्या वाढल्या, काही शब्द सैल झाले; पण आजाराची सुरुवात मोठ्या रुग्णालयाच्या दारापासून मोजायची ही मूळ दृष्टी टिकून आहे.

यादीनंतर येते मार्गदर्शिका. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा, याचे प्रमाण ठरवून दिले की अनावश्यक शस्त्रक्रिया कमी होतील आणि खर्च आटोक्यात राहील, ही कल्पना चुकीची नाही. १९३८ साली इंग्लंडमध्ये ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांच्या टॉन्सिल शस्त्रक्रियांची आकडेवारी मांडली, तेव्हा शेजारशेजारच्या भागांत प्रचंड तफावत दिसली. आजार सारखाच होता. कापण्याची सवय वेगळी होती. सार्वजनिक पैसा अशा सवयींवर जाऊ नये म्हणून प्रमाण हवेच. डॉक्टर मंडळी याला पाककृतीचे पुस्तक म्हणून नाके मुरडतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. माझा आक्षेप दुसरा आहे.

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने आयुष्मान भारत योजनेसाठी ज्या प्रमाण उपचार मार्गदर्शिका काढल्या, त्यांची रचना पाहा. एक भाग रुग्णालय आणि डॉक्टरांसाठी, दुसरा पूर्वमंजुरी देणाऱ्या आणि दावे तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी. कोणते रिपोर्ट जोडले, फोटो आहे का, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिले, अशी प्रश्नावली. आणि या मार्गदर्शिकांना एक खुलासा जोडलेला असतो. त्याचा आशय असा की, हा दस्तऐवज दावे हाताळणाऱ्या चमूसाठी आणि संगणकप्रणालीसाठी आहे, रुग्णावर उपचार कसे करावेत याचे मार्गदर्शन तो करीत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी अन्य साहित्य पाहावे. ज्याचे नाव उपचार मार्गदर्शिका, तोच उपचाराचे मार्गदर्शन करीत नसल्याचे सांगतो. मला हा खुलासा प्रामाणिक वाटतो. त्यातून या मजकुराचा खरा वाचक कोण, ते उघड होते. वाचक आहे पैसे देणारा. डॉक्टर त्यात उत्तरे भरणारा. रुग्ण या संवादात फक्त विषय म्हणून येतो, तृतीय पुरुषी.

याचा परिणाम साधा आहे. शस्त्रक्रिया गरजेची होती का, हा वैद्यकीय प्रश्न. ती गरजेची असल्याचे कागद आहेत का, हा कारकुनी प्रश्न. खर्च आवरण्याच्या घाईत पहिल्याची जागा दुसरा घेतो. मग चलाख रुग्णालय गरज नसतानाही कागद पुरे करते आणि गरज असलेला रुग्ण एका रिपोर्टसाठी अडतो. आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभ्या नातेवाइकाला एवढेच कळते की ‘अप्रूव्हल आले नाही’. कोणत्या कलमामुळे आले नाही, ते कलम काय म्हणते, त्यावर दाद कुठे मागायची, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत त्याच्या हातात कोणी देत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या ‘नाइस’ या संस्थेवरही खर्चकपातीची टीका होते. पण तिच्या समित्यांत सामान्य नागरिक बसतात आणि मार्गदर्शिकांसोबत लोकांसाठी सोप्या भाषेतली माहितीही निघते. नकार मिळाला तरी तो कशावरून मिळाला, हे वाचता येते.

दुसरी मर्यादा बीडने दाखवून दिली. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, सहांत एक. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या गर्भाशय शस्त्रक्रियाविषयक मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश दिला. या प्रकरणातल्या कितीतरी बायकांनी खासगी दवाखान्यांत, मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरले होते. तेथे कोणताही दावा नव्हता, म्हणून तपासणारा डॉक्टर नव्हता आणि मार्गदर्शिकाही नव्हती. ज्या प्रमाणाचा धाक फक्त सरकारच्या तिजोरीपुरता आहे, ते तिजोरी राखील. बाईचे शरीर राखायला ते पुरत नाही. आमच्याकडूनही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या बायका आहेत. अंगावरचे दुखणे त्या कोणत्या दवाखान्यात, कोणाच्या सल्ल्याने दाखवतात, हे कोणत्याही दाव्याच्या नोंदीत सापडणार नाही.

मग चांगली मार्गदर्शिका कशी असते? उदाहरण शोधायला लंडनला जायची गरज नाही, महाडला गेले तरी पुरे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले दगावत, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने ती नोंद छापली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत तीस-चाळीस मरत, ते प्रमाण एक-दोनवर आले. ही खरी खर्चबचत. ती नकारातून आलेली नाही. योग्य उपचार लवकर आणि जवळ मिळण्यातून आली. गंमत अशी की, दावे मोजणाऱ्या योजनेला ती दिसत नाही. प्राथमिक केंद्रात गोळी घेऊन बरा झालेला मुलगा कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. तोच उशिरा, यंत्रावर पोचला असता तर बसला असता.

सर्पदंशावरील केंद्र सरकारची मार्गदर्शिका अशाच जातीची आहे. तिच्यातली मुख्य तपासणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात जमणारी आहे : कोरड्या, स्वच्छ काचनळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर प्रतिविष सुरू करायचे. घोणस ओळखणारी ही तपासणी काही रुपयांची आहे. तिचे वाक्य कर्तरी आहे : घ्या, थांबा, पाहा, द्या. दाव्यांच्या मार्गदर्शिकेतले वाक्य कर्मणी असते : जोडले आहे का, नोंदवले आहे का. दोन्ही वाक्यरचना लागतात. पण एका राज्याने कोणत्या वाक्यावर जास्त माणसे, पैसा आणि लक्ष खर्च केले, यावरून त्याचे आरोग्यधोरण समजते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. यादीतल्या प्रत्येक उपचाराची मार्गदर्शिका एका पानाच्या मराठीत, नाकारण्याच्या कारणांसह, आरोग्यमित्राच्या टेबलावर असावी. मंजुरी नाकारलेल्या प्रकरणांची कारणे, नावे वगळून, तालुकावार प्रसिद्ध व्हावीत. आणि खर्चाचा हिशेब व्हेंटिलेटरपासून सुरू न करता ग्रामीण रुग्णालयापासून करावा : तिथे प्रतिविषाच्या कुप्या किती होत्या, रात्री डॉक्टर होता का, किती रुग्णांना पुढे पाठवावे लागले.

पुढच्या आवणीत पेठ तालुक्यात कोणाला तरी घोणस चावेल. त्या रात्री काचनळी, कुप्या आणि ती वीस मिनिटे थांबून पाहणारा माणूस पेठमध्येच असेल, तर त्या रुग्णाला घाट चढावा लागणार नाही, आणि यादीत त्याचे नाव शोधायची वेळही कोणावर येणार नाही.