दारातला हवालदार

रहस्यकथेविषयी लिहायला बसले की आपला समीक्षक एक तर नाक मुरडतो, नाही तर गुप्तहेराच्या बुद्धीची आरती ओवाळतो. मला यांपैकी काहीच करायचे नाही. गुन्ह्याच्या जागी सर्वांच्या आधी पोचणाऱ्या साध्या शिपायाची बाजू तेवढी मांडायची आहे.

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारांवर पोसलेल्या वाचकांपैकी मी एक. लहानपणी आमच्या वाड्यात चोरी झाली, तेव्हा एक हवालदार आला आणि खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. स्वतः आत जाईना, कुणाला जाऊ देईना. सांडलेले धान्य भरायला निघालेल्या माझ्या आजीलाही तो म्हणाला, "आजी, आहे तसंच राहू द्या." आम्ही पोरे हसलो. धनंजय असता तर एव्हाना चोर पकडला असता! त्या हसण्याची आज लाज वाटते; आणि ते आम्हांला कथाकारांनीच शिकवले, अशी माझी तक्रार आहे.

शेरलॉक होम्सची पहिली कथा, 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७), घ्या. जॉन रान्स हा गस्तीचा शिपाई. पावसाळी रात्री दोनच्या सुमारास त्याला एका रिकाम्या घरात उजेड दिसतो. तो दारापर्यंत जातो, घाबरून फाटकाशी परततो, पुन्हा आत जातो, प्रेताभोवती फिरतो, गुडघे टेकतो, आणि मग बाहेर येऊन शिटी वाजवतो. फाटकाशी एक दारुडा झोकांड्या खात असतो. रान्स आणि त्याचा सोबती त्याला सावरतात आणि जाऊ देतात. तोच खुनी! होम्स रान्सच्या अकलेची टिंगल करतो आणि वाचक हसून पुढे जातो.

मला मात्र हे प्रकरण पुनःपुन्हा वाचावेसे वाटते. कारण डॉईलने रान्सची भीती मन लावून रंगवली आहे. त्या घरातला आधीचा भाडेकरू विषमज्वराने गेलेला. अंधारात शिपायाला त्याच्या भुताची धास्ती वाटते. हे लिहिणारा लेखक माणूस ओळखतो. त्याचा नायक मात्र ओळखत नाही. रान्सला शिकवले होते कुणी? हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन न्यायाधिकाऱ्याचा तपासशास्त्रावरचा ग्रंथ निघाला १८९३ साली. त्याचे इंग्रजी रूप १९०६ साली आपल्या मद्रासेत छापले गेले.

आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. आधी जखमी जिवंत आहे का पाहायचे. तेथे पुराव्यापेक्षा प्राण मोठा. गुन्हेगार अजून आत नाही ना, याची खात्री करायची. मग जाण्यायेण्याची एकच वाट ठरवायची, गरजेपेक्षा मोठा घेर दोरीने अडवायचा, कोण आले, केव्हा आले, दार उघडे होते की लोटलेले, दिवा जळत होता का, हे टिपायचे. वस्तू हललीच, तर ती पूर्ववत ठेवायची नाही. हलली एवढे लिहायचे.

हा शेवटचा नियम वाचला आणि मला जुन्या पोथ्या आठवल्या. चुकलेला पाठ एकवेळ ओळखता येतो. सद्भावनेने 'सुधारलेला' पाठ संशोधकाला कायमचा चकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि कुणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावले. गुन्ह्याची जागा ही अशीच पोथी आहे आणि पहिला शिपाई तिचा राखणदार.

राखण ढिली पडली की काय होते? दिल्लीलगतच्या नोएडात २००८ साली एका मुलीचा खून झाला. त्या सकाळी घरात माणसांची वर्दळ चालू राहिली. गच्चीचे कुलूपबंद दार उघडलेच गेले नाही. ज्या बेपत्ता नोकरावर संशय होता, त्याचेच प्रेत दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर सापडले. २०१३ साली शिक्षा झाली, २०१७ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ती सकाळ मात्र कुठल्याच न्यायालयाला परत आणता आली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. उत्तमच. पण तज्ज्ञ पोचेपर्यंतचा तास हवालदाराचाच राहणार.

त्या तासात नाट्य नाही, असे आमचे कथाकार म्हणतील. मला हे पटत नाही. आत आक्रोश चालला आहे, आई लेकराला कवटाळू पाहते आहे, शेजारी ढकलत आहेत, पुढारी दटावतो आहे. आणि एक कमी पगाराचा माणूस दारात उभा राहून सर्वांना नाही म्हणतो आहे. याहून मोठा संघर्ष कोणता हवा? शिवाय उद्या पंच म्हणून, शेजारी म्हणून त्या दारापुढे वाचकच उभा असणार. त्या माणसाला हसायचे की मागे सरायचे, हे तो आपल्या कथांतूनच शिकतो.

आमचा चोर कधी सापडला नाही. आजीचे धान्य संध्याकाळपर्यंत तसेच सांडलेले राहिले. त्या हवालदाराचे नावही आम्ही विचारले नाही.