चाचण्या कोण वाचतो?

प्रोग्रॅमर ज्याला ‘लायब्ररी’ म्हणतात ती पुस्तकांची नव्हे. दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅमला आयता जोडता येणारा कोड. तिच्यासोबत बहुधा चाचणीसंच येतो: लेखकाने आपल्याच कोडला विचारलेले प्रश्न आणि अपेक्षित उत्तरे. सगळ्या चाचण्या ‘पास’ झाल्या की आपण निर्धास्त होतो. मी हा संच एक संहिता म्हणून वाचतो, आणि त्यात मला कोडच्या गुणवत्तेपेक्षा लेखकाची शंका कुठवर पोचते हेच अधिक दिसते.

आपल्या मोबाइलमध्येही असणारी ‘एसक्यूलाइट’ घ्या. तिच्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा, चाचण्यांचा त्याच्या ५९० पट. मूळ ग्रंथापेक्षा भाष्य मोठे असण्याची आपल्याला सवय आहे, पण इतके! तरीही २०१५ मध्ये मिखाल झालेव्स्की यांनी वेडावाकडा मजकूर सतत कोंबणारे ‘एएफएल’ हे साधन तिच्यावर सोडले, तेव्हा वीसहून अधिक बिघाड निघाले. कारण उद्बोधक आहे. कोडची प्रत्येक फांदी चाचणीत यायलाच हवी, असा दंडक घातला की ‘हे घडणार नाही, पण घडलेच तर’ अशा सावध ओळी लिहायला लेखक कचरतो. त्यांच्यापर्यंत पोचणारी चाचणीच लिहिता येत नसते. हा पेच एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःच्या दस्तऐवजात मोकळेपणी मांडतात. प्रत्येक सापडलेल्या दोषासाठी नवी चाचणी लिहिल्याखेरीज तो दोष मिटला असे ते मानत नाहीत. मला ५९० या आकड्यापेक्षा या दोन गोष्टींचे मोल जास्त वाटते.

‘एक्सझेड’चे प्रकरण याहून गंभीर. फायली आकसून साठवणाऱ्या या लायब्ररीच्या संचात मुद्दाम बिघडवलेल्या फायली असणे स्वाभाविकच. बिघडलेली फाइल नाकारता येते का, हेही तपासावे लागते. २०२४ मध्ये नेमक्या अशा चाचणी-फायलींच्या आडून चोरवाट आत आली. माणसाला वाचता न येणारा तो मजकूर कोण उघडून पाहणार? ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या बाहेरही पडल्या. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो आहे, हे खटकले. त्याचा माग काढताना २९ मार्चला हे उघडकीस आले.

आता कुठलाही चाचणीसंच हाती आला की मी आधी त्यातल्या न वाचता येणाऱ्या फायली शोधतो, आणि त्या कशा तयार केल्या याची कृती कुठे लिहिली आहे का, ते पाहतो.